दोन घरं, दोन सल्ले

माण तालुक्यातल्या एका वाडीत दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी. एका घरात आक्का. जानेवारीत मुंबईला स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमोचे दोन डोस झालेले. दुसऱ्या घरात तात्या. त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर, पण अगदी सावकाश वाढणारा. डॉक्टरांनी नुसत्या तपासण्यांवर ठेवलेलं.

कोरोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. एसटी थांबली, रस्त्यांवर पोलिसांची नाकाबंदी लागली. आक्कांचा तिसरा डोस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होता. भावकी म्हणाली, "आक्का, दवाखान्यात गेलीस तर कोरोना घेऊन येशील. साथ सरू दे, मग बघू." आक्कांनाही ते पटलं. तात्यांचा मुलगा मात्र हट्टाला पेटला, "काही होवो, तात्यांना तपासणीला मुंबईला नेणारच."

आक्कांची सून म्हणाली, "आत्या, साथ सरेपर्यंत आजार वाट बघत बसतो का? विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही." तिनं दोन्ही घरच्या फायली ओट्यावर सोडल्या, कागद तारखेनं लावले, मोबाइलवर फोटो काढले आणि 'नव्या' या ऑनलाइन सेवेकडे पाठवले. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांशी जोडलेली ही सेवा. तिची संगणक प्रणाली रिपोर्टांतली माहिती नीट लावते, तशाच आजारावरचे मान्य उपचार शेजारी मांडते आणि तज्ज्ञ डॉक्टर ते सगळं पाहून सल्ला देतात.

आधी उलटा प्रश्नच आला: आक्कांच्या बायोप्सी रिपोर्टचं दुसरं पान कुठं आहे? ईआर, पीआर आणि हर-टूचे निकाल त्याच पानावर होते. औषध कोणतं, हे त्यावरून ठरतं. शोधाशोध झाली. पान औषधांच्या बिलांत सापडलं.

मग सल्ले आले. आक्कांसाठी: केमो थांबवू नका, तेच औषध साताऱ्यात घ्या, आधी रक्त तपासा, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तात्यांसाठी: तपासणी काही महिने लांबली तरी धोका नाही, घरीच राहा.

पोलिसांचा पास काढून आक्का साताऱ्याला गेल्या आणि डोस वेळेवर झाला. तात्यांच्या मुलानं मुंबईचा नाद सोडला.

तात्पर्य: साथीच्या काळात भीतीनं उपचार थांबवू नयेत आणि हट्टानं दवाखानाही गाठू नये. यंत्र माहिती मांडतं, निर्णय जाणकार डॉक्टर देतात. पण कागदच अपुरे असतील तर दोघांचेही हात बांधले जातात. घरात कॅन्सरचा रुग्ण असेल, तर त्याची फाईल आजच तारखेनं लावा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.