ब्राउझरची आवडनिवड

‘आवडनिवड’ हा जोडशब्द दोन वेगळ्या क्रियांची मोट बांधतो. आवड मनात उपजते. तिला कारण द्यावे लागत नाही. निवड हाताने करावी लागते. तांदूळ निवडताना खडे काढायचे, मेथी निवडताना काड्या. निवडण्यात नाकारणे असते, आणि नाकारण्यासाठी जिन्नस समोर पसरलेला असावा लागतो. कपडे, पुस्तके, मिठाई यांच्या बाबतीत या दोन क्रिया इतक्या लगोलग घडतात की फरक जाणवत नाही. ब्राउझरच्या बाबतीत तो उघडा पडतो. नवा फोन किंवा संगणक हातात येतो तेव्हा ताट वाढूनच आलेले असते. निवडायला काही पसरलेले नसते. पुढे कधीतरी एक चौकट उघडते आणि विचारते, ‘हा तुमचा डिफॉल्ट ब्राउझर ठरवायचा का?’ ‘आत्ता नको’ म्हटले तरी काही दिवसांनी ती परत येते. ज्या वस्तूबद्दल बहुतेकांनी कधी मत केलेले नसते, तिच्याबद्दल वारंवार मत मागणाऱ्या या चौकटीला सर्रास एकच उत्तर मिळते: कोणताही वापरा, सगळे सारखेच.

या उत्तराची बाजू दिसते त्याहून भक्कम आहे. पान आणणे आणि पडद्यावर मांडणे हे ब्राउझरचे काम, हे सांगायला नको. मांडणीचे काम आतले इंजिन करते. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी ही नावे पाच, इंजिन मात्र एकच: ‘ब्लिंक’. नॉर्वेत जन्मलेल्या ऑपेराने स्वतःचे ‘प्रेस्टो’ इंजिन २०१३ मध्ये सोडायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीनेही स्वतःचे इंजिन बाजूला ठेवून जानेवारी २०२० मध्ये ब्लिंक ज्याच्या आत आहे त्या ‘क्रोमियम’वर बेतलेले नवे एज आणले. उरली दोन इंजिने: सफारीचे ‘वेबकिट’ आणि फायरफॉक्सचे ‘गेको’. त्यातही ब्लिंक हे २०१३ मध्ये वेबकिटमधून फुटलेले, म्हणजे ब्लिंक आणि वेबकिट ही भावकीतलीच. आयफोनवर तर वरचे नाव कोणतेही असो, आत वेबकिटच असले पाहिजे अशी अ‍ॅपलची अट होती. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळे ती तिथे २०२४ पासून सैल झाली. तेव्हा बाजारातले बहुतेक ब्राउझर आयत्या पिठावर रेघोट्या ओढतात, असे म्हणायला हरकत नाही.

पण माणसे जीव लावतात ते रेघोट्यांनाच. एकाला टॅब वरच्या कडेला आडवे हवे असतात, दुसऱ्याला डाव्या बाजूला उभी यादी. ऑपेराच्या जुन्या भक्तांना माऊसचे बटण दाबून डावीकडे रेघ ओढली की मागचे पान यावे लागते. ज्यांच्या हाताला ते वळण पडले, त्यांना दुसरीकडे थोटे झाल्यासारखे होते. १९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला ‘लिंक्स’ चित्रे दाखवतच नाही, नुसता मजकूर दाखवतो. तरीही तो आजतागायत टिकला आहे. काही ठिकाणी आवड आणि गरज वेगळी काढता येत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली ज्या ब्राउझरशी नीट बोलते, तोच दृष्टिहीन माणसाचा ब्राउझर. फोनची स्मरणक्षमता तुटपुंजी आणि इंटरनेट मंद होते तेव्हा २००६ मध्ये जगभर खुला झालेला ऑपेरा मिनी पाने आधी आपल्या सर्व्हरवर आवळून मग पाठवत असे. डेटा पैसापैशाने मोजला जात होता त्या काळात याला आवड म्हणायचे की काटकसर, हा प्रश्नच होता.

मराठी वाचकाची गरज आणखी वेगळी होती. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खास फाँटमध्ये असत. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले, आणि तो फाँट पानाबरोबर आपोआप उतरवण्याची सोय बहुधा इंटरनेट एक्सप्लोररपुरती. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान म्हणजे रोमन अक्षरांचा निव्वळ काला. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे ‘पद्मा’ नावाचे पूरक फायरफॉक्ससाठी निघाले, ते या अडचणीपोटीच. फायरफॉक्सही धुतल्या तांदळासारखा नव्हता. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत विंडोजवर ओळी दोन्ही कडांना जुळवलेल्या असल्या की काना, मात्रा, वेलांट्या अक्षरांपासून सुटून पडत; जून २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा ते दुखणे गेले. ज्याला सकाळी मराठी बातमी वाचायची होती, त्याची निवड ही अशी वेलांटीवर ठरत होती.

‘सगळे सारखेच’ या मताला एक गमतीदार पुरावा ब्राउझरच्या तोंडूनच मिळतो. पान मागताना प्रत्येक ब्राउझर सर्व्हरला आपली ओळख सांगतो, आणि त्या ओळखीच्या ओळीत जवळपास सगळे जण स्वतःला ‘मोझिला’ म्हणवतात. १९९४ चा नेटस्केप हा मूळ मोझिला. त्याला नव्या धर्तीची पाने दाखवता येत, म्हणून संकेतस्थळे नाव विचारून त्यालाच ती पाने देऊ लागली. मग एक्सप्लोररने आपल्या ओळखीत ‘मोझिला’ घातले, म्हणजे पंगतीत पान मिळावे. पुढे गेकोसारखी वागणूक मिळावी म्हणून केएचटीएमएल या इंजिनाने ‘गेकोसारखा’ असे लिहिले. त्यातून वेबकिट निघाले, त्याने ते जपले. क्रोमने त्यात सफारीचे नावही ठेवले. आणि नवे एज या साऱ्या पूर्वजांची नावे घेऊन शेवटी हळूच आपले सांगते. सोयरीक जुळावी म्हणून रचलेल्या वंशावळीसारखीच ही ओळ. ऑपेराची दहावी आवृत्ती आली तेव्हा काही संकेतस्थळे ‘१०’ मधला फक्त ‘१’ वाचून तिला जुनाट समजत. म्हणून तिला कायम ‘९.८०’ असे वय चोरावे लागले. विवाल्डीने २०१९ च्या अखेरीस बहुतेक ठिकाणी आपले नाव सांगणेच सोडले आणि तो क्रोम म्हणून वावरू लागला, कारण नाव ऐकून दार लावणारी संकेतस्थळे क्रोम म्हटल्यावर बिनतक्रार उघडत. म्हणजे ब्राउझर सारखे आहेत हे खरे. पण त्यातले बरेचसे सारखेपण नाव विचारणाऱ्यांच्या धाकाने आलेले आहे.

याहून वजनदार प्रतिपक्ष अर्थशास्त्रातला आहे. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या ‘व्यक्त पसंती’च्या विचारानुसार माणसाच्या मनात काय आहे याचा तर्क करत बसू नये, तो काय घेतो ते पाहावे, तीच त्याची पसंती. बाजारभाव आणि मागणी यांच्या अभ्यासात या शिस्तीने मोठे काम केले. ब्राउझरला ती लावली तर निष्कर्ष सोपा निघतो: ज्याने आयता आलेला ब्राउझर ठेवला, त्याला तोच पसंत आहे. पण न घेतलेली वस्तूही ग्राहकाच्या आवाक्यात आणि नजरेसमोर होती, हे त्यात गृहीत आहे. ब्राउझरला किंमत नसते, त्यामुळे आवाक्याचा प्रश्न नाही, नजरेचा आहे. बदलण्याचे कष्ट वाचवणे हीदेखील पसंतीच, असे त्यावर सांगता येईल. पण मग सिद्धांताने जे मोजले ते कंटाळ्याचे माप झाले, ब्राउझरचे नव्हे. आवड आणि निवड यांच्यामध्ये सवय नावाची तिसरी गोष्ट बसलेली असते, आणि या सिद्धांताला ती दिसत नाही.

बाजाराला मात्र ती चांगली दिसते. अमेरिकेत गुगलविरुद्ध चाललेल्या खटल्यात उघड झाले की सफारीत आपले शोधयंत्र डिफॉल्ट राहावे यासाठी गुगलने २०२२ या एका वर्षात अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. लोक चांगले तेच निवडतात हे खरे असते, तर सर्वांत लोकप्रिय शोधयंत्राला एवढी रक्कम मोजायची गरज नव्हती. याच खटल्यातले न्यायाधीश अमित मेहता यांच्या ऑगस्ट २०२४ च्या निकालपत्रातच नोंद आहे की मायक्रोसॉफ्टचे शोधयंत्र बिंग डिफॉल्ट असलेल्या एजमध्ये सुमारे ८० टक्के शोध बिंगवर होतात. उलट दाखलाही द्यायला हवा: २०१४ मध्ये फायरफॉक्सने अमेरिकेत याहूला डिफॉल्ट केले, तेव्हा बरेच लोक खटाटोप करून गुगलकडे परतले, आणि २०१७ मध्ये फायरफॉक्स बनवणारी मोझिलाही परतली. सवय बलवान असते, पण अजिंक्य नसते.

सवय मोडून निवड घडवण्याचा सरकारी प्रयोगही झाला आहे. मार्च २०१० पासून युरोपात विंडोज वापरणाऱ्यांसमोर १२ ब्राउझरांचे ताट मांडण्याचे बंधन मायक्रोसॉफ्टवर आले. क्रम सोडतीने लागायचा होता. पण सोडतीचा प्रोग्रॅमच सदोष निघाला, सर्वांना प्रत्येक जागेची सारखी संधी मिळेना, आणि तो दुरुस्त करावा लागला. पुढे एका विंडोज आवृत्तीतून हा निवडीचा पडदा मे २०११ ते जुलै २०१२ असे १४ महिने गायब होता. सुमारे दीड कोटी लोकांना तो दिसला नाही. त्याबद्दल २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरो दंड झाला. दंडापेक्षा ते १४ महिने बोलके आहेत. निवडीचा हक्क नाहीसा झाल्याचा फारसा कुठे गवगवा झाला नाही.

यावरून सहज सुचणारा उपदेश असा: आवडीनिवडीतली आवड क्षुल्लक, निवडच खरी; तेव्हा वापरणाऱ्याने डोळसपणे निवडावे. निकषही तयार आहेत. माहिती कोण गोळा करतो, जाहिराती किती अडवता येतात, ब्राउझरचा खर्च कोण भागवतो. यांत तथ्य आहे. क्रोमने २०२४ पासून जुन्या पद्धतीची पूरके बंद करायला सुरुवात केली, त्यात ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे लोकप्रिय जाहिरातरोधक गेले; फायरफॉक्सने ते चालू ठेवले. पण निवडायला बसले की प्रत्येक सुपात खडा सापडतो. स्वातंत्र्यासाठी फायरफॉक्स घ्यावा, तर मोझिलाचे बहुतांश उत्पन्न गुगलबरोबरच्या शोधकरारातून येते. वेगळेपणासाठी विवाल्डी घ्यावा, तर आत गुगलप्रणीत इंजिन. स्वदेशी म्हणून घ्यावा, तर भारत सरकारच्या ब्राउझर स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये पहिला आलेला झोहोचा ‘उला’ही क्रोमियमवरच उभा आहे. तत्त्वाने निवडणारा एकतर उपाशी राहतो किंवा एक खडा गोड मानून घेतो.

इतिहास पाहिला तर हा उपदेश आणखी डळमळतो. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली, सर्व आवृत्त्या मिळून एक्सप्लोररने नव्वद टक्क्यांहून अधिक बाजार व्यापला आणि सातवी यायला २००६ उजाडले. प्रतिस्पर्धी नव्हता, म्हणून घाईही नव्हती. संकेतस्थळे त्या एकाच ब्राउझरच्या खोडी सांभाळून लिहिली जात. ही कोंडी ९ नोव्हेंबर २००४ ला आलेल्या फायरफॉक्सने फोडली. त्याच्यामागे खुल्या प्रणालीचे तत्त्व होते, आणि त्या तत्त्वासाठी पदरचे पैसे घालणारेही होते. डिसेंबर २००४ मध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये छापलेल्या दोन पानी जाहिरातीत अशांची सुमारे दहा हजार नावे होती. ही निवड करणारी माणसे. पण वर्षभराच्या आत फायरफॉक्सच्या प्रती उतरवण्याचा आकडा दहा कोटींवर गेला, तो तत्त्वावर गेला नाही. एका खिडकीत अनेक टॅब उघडतात आणि उसळून येणाऱ्या जाहिराती थांबतात, एवढेच त्यांतल्या बहुसंख्यांना आवडले होते. या लोकांना प्रमाणित वेबशी काही देणेघेणे नव्हते. पण त्यांची संख्या डोळ्यांत भरू लागली तशी संकेतस्थळे प्रमाणांकडे वळली आणि एक्सप्लोररलाही टॅब आणावे लागले. दहा हजारांच्या निवडीने दार किलकिले केले. ते उघडले कोट्यवधींच्या क्षुल्लक आवडीने.

म्हणून उतरंड उलटी लावावी लागते. निवड कारणांवर उभी असते आणि कारणे बदलली की कोसळते. करार उघड होतो, इंजिन बदलते, कंपनी विकली जाते. आवडीला कारणच नसल्याने तिला खोडून काढता येत नाही. उभ्या टॅबची यादी आवडणारा माणूस हट्टी असतो, आणि वेबवर विविधता टिकवण्याचे काम या हट्टाने जितके केले तितके तत्त्वाने केलेले नाही. हौसेला मोल नाही म्हणतात. इथे हौसेनेच मोलाचे काम केले आहे.

मात्र आवड रुजायला दुसरा जिन्नस चाखता आला पाहिजे. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये बँकव्यवहारांसाठी देशी सांकेतिक प्रणाली आली. ब्राउझरांत ती नसल्यामुळे ती मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅक्टिव्हएक्स’मार्फत चालवली गेली, आणि पुढची अनेक वर्षे तिथल्या लोकांना पैसे पाठवायचे तर एक्सप्लोररच उघडावा लागला. तिथे दुसरा ब्राउझर कितीही आवडला तरी उपयोग नव्हता. जून २०२२ मध्ये एक्सप्लोररची सेवा संपली, तेव्हा ग्योंगजू शहरात एका अभियंत्याने एक्सप्लोररच्या नावाचा कबरीचा दगड बसवला. दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हे चांगले साधन होते, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरला आहे.

तेव्हा या विषयातली जबाबदारी वापरणाऱ्यावर कमी आणि पाने रचणाऱ्यावर जास्त येते. वापरणाऱ्याने टॅबच्या जागेवरून, रंगावरून, नुसत्या सवयीवरून ब्राउझर ठरवला तरी बिघडत नाही, आणि त्याने कुणाला कारण सांगण्याचीही गरज नाही. बँका, सरकारी कार्यालये, वृत्तपत्रे यांनी मात्र आपली पाने ब्लिंक, वेबकिट आणि गेको या तिन्ही इंजिनांवर चालवून पाहिली पाहिजेत, आणि दारात आलेल्याला आत घेण्याआधी त्याचे नाव विचारण्याची खोड सोडली पाहिजे. ती सुटली तर विवाल्डीला क्रोम म्हणून वावरावे लागणार नाही.