पाडायचंच आहे

खापरखेड्यात वीज केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका माणसाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे वर टिनपत्रे, खाली शहाबादी फरशी, दोन भट्ट्या आणि सहा बाकं. सकाळी तर्री-पोहे, दुपारनंतर आलुबोंडे, चहा दिवसभर. केंद्राची पाळी सुटली की कामगार यायचे, सिल्लेवाडा-वलनीच्या कोळसा खाणीतले लोक यायचे, राखेच्या गाड्यांचे ड्रायव्हर यायचे. मालकाला सगळे ‘भाऊ’ म्हणत. त्याची तर्री चांगली होती यात शंका नाही, कारण बसायला धड जागा नसताना माणसं उगाच उभ्यानं खात नाहीत.

धड जागा नव्हती, कारण भाऊला ते सगळं पाडायचं होतं. खाली हॉटेल, वर राहायच्या खोल्या, असा दुमजली नकाशा त्यानं काढून आणला होता आणि देवाच्या तसबिरीशेजारी गल्ल्यामागे टांगला होता. नकाशा आला त्या दिवसापासून भाऊकडे प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर झालं. बाकाची फळी हलते? पाडायचंच आहे आता. नळ गळतो? पाडायचंच आहे. भट्टीवरच्या पत्र्याचे दोन बोल्ट गेले होते, वारा सुटला की पत्रा उचलला जायचा आणि धाडकन आपटायचा. खाली बसलेलं गिऱ्हाईक ताट घेऊन सरकायचं. कामावरचा पोरगा दोनदा म्हणाला, “भाऊ, कोनाच्या डोक्यात पडन.” भाऊ म्हणाला, “दोन महिन्यात पाडायचंच हाये. कायले पैसे घालू?”

हॉटेलच्या मागेच घर होतं. तेही पाडायचं होतं. घरात माय होती, पंचाहत्तरीची. मोरीतल्या शेवाळलेल्या फरशीवर ती एकदा घसरली होती, थोडक्यात निभावलं. तेव्हापासून ती भिंतीला धरायला काहीतरी बसव म्हणायची. “नव्या घरात टाइल्सची मोरी होईन, मंग काय पाह्यजे तुले!” भाऊ म्हणायचा, आणि त्याला खरंच वाटायचं की आपण मायला केवढं मोठं सुख देणार आहोत.

माय रामाकोन्याची. हे गाव आता मध्य प्रदेशात, छिंदवाड्याच्या बाजूला, सौंसरच्या पुढे. ती जन्मली तेव्हा नागपूर आणि छिंदवाडा एकाच प्रांतात होते. 1956 साली भाषावार प्रांत झाले, नागपूर मुंबई राज्यात आलं, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि सौंसर-रामाकोन्याची मराठी बोलणारी माणसं रेषेच्या पलीकडे गेली. मायला या रेषेशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्यासाठी माहेर आणि सासर छोटी लाइन जोडत होती. बंगाल नागपूर रेल्वेनं 1913 साली सुरू केलेली, दोन रुळांत जेमतेम अडीच फूट अंतर असलेली ही लाइन नागपूरहून निघायची, कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर करत सातपुड्यात शिरायची. एकूण सुमारे दीडशे किलोमीटर. माय नवरी होऊन त्याच गाडीनं खापरखेड्याला उतरली होती. पहिल्या बाळंतपणाला त्याच गाडीनं गेली होती. त्या बाळंतपणातलं पोर म्हणजेच हा भाऊ.

2015 च्या पावसाळ्यानंतर गावात बातमी पक्की झाली. छोटी लाइन 30 नोव्हेंबरला शेवटची धावणार, मग रूळ उखडून साडेपाच फुटांची मोठी लाइन टाकणार. माय म्हणाली, “मले रामाकोन्याले घेऊन चाल.”

भाऊनं समजावलं. आता त्या गाडीत काय राहिलंय? मोठी लाइन होऊ दे, दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न. मग आरामात, पंख्याखाली बसून जाऊ.

“नवी गाडी तू आपल्या पोराईले दाखव,” माय म्हणाली. “मले याच गाडीनं जाचं हाये.”

दिवाळी झाली, आणि पुढच्याच आठवड्यात भाऊ एक दिवस हॉटेल कामावरच्या पोऱ्यावर सोडून मायला घेऊन स्टेशनावर गेला.

गाडी आली ती पाहून त्याला पश्चात्तापच झाला. डब्याचा रंग पोपडे धरून उडालेला. खिडकीची झडप अर्ध्यावर अडकलेली, वर जाईना, खाली येईना. बाकड्याच्या कडा इतक्या वर्षांच्या प्रवाशांनी घासून गुळगुळीत केलेल्या. गर्दी मात्र लग्नाच्या वऱ्हाडासारखी, कारण ज्यांनी दहा वर्षांत या गाडीत पाय ठेवला नव्हता ते सगळे आत्ताच आठवण आल्यासारखे पोरंबाळं घेऊन चढले होते. (आपल्याकडे एखादी गोष्ट बंद होणार म्हटल्यावरच तिच्यावर प्रेम उतू जातं. चालू असताना लोक बसनं जातात.)

भाऊ बोटानं झडप ठोकत म्हणाला, “पाहा बाप्पा. बंद कराचीच हाये म्हनून कोनी पाहूनच नाई राहिलं.” माय त्याच्याकडे बघून नुसतीच हसली. त्याला हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

समोर पुण्याचे एक गृहस्थ बसले होते, गळ्यात कॅमेरा. जन्मभर जहाजांवर इंजिनिअर म्हणून नोकरी केलेले. निवृत्तीनंतर बंद पडणाऱ्या छोट्या लाइनी फिरायचा नाद लागला होता. जबलपूर-नैनपूरची छोटी लाइन 1 ऑक्टोबरला बंद झाली, त्याआधी तीही करून आले होते. भाऊचं बोलणं ऐकून ते म्हणाले, “जहाजावर हेच असतं हो. मालवाहू जहाजाचा तळ पाच वर्षांत दोनदा तपासावा लागतो. त्यासाठी ते सुक्या गोदीत घेतात, मुंबईला ह्यूज ड्राय डॉक आहे तसल्या. गोदीची तारीख ठरली की आमच्या सगळ्या कामांची यादी व्हायला लागायची. इथला रंग? गोदीत. तिथला पाइप? गोदीत. प्रवासी जहाज असेल तर गालिचे विटलेले, खुर्च्यांचे टाके उसवलेले, आणि उतारू कुरकुरतात की एवढे पैसे घेतले आणि हे काय. दोन आठवड्यांनी तेच जहाज नवं कोरं होऊन निघतं, तुमचं नशीब की तुम्ही आधीच्या फेरीला आलात.”

“मग बरोबरच हाये ना,” भाऊ म्हणाला. त्याला आपली बाजू घेणारा कोणीतरी मिळाला होता. “उगाच दोनदा खर्च कायले?”

“बरोबरच आहे. रंगावर दोनदा खर्च करणारा मूर्ख,” ते म्हणाले. “पण बोट सोडायची कवायत आणि आग विझवायची कवायत दर महिन्याला. गोदी उद्यावर आली असली तरी. तेवढी कधी कोणी यादीत टाकली नाही.”

भाऊनं मान हलवली आणि बाहेर बघायला लागला. सावनेर गेलं, केळवद गेलं, दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे लागले. आंबिया बहाराची फळं पिवळी पडत होती आणि गाडी इतकी रमतगमत चालली होती की झाडावरची मोजता आली असती. माय प्रत्येक गावाला कोणाचं तरी सासर-माहेर काढत होती. लोधीखेड्याला गाडी थांबली ती थांबलीच. लाइन एकेरी, समोरून गाडी यायची होती. लोक उतरून पाय मोकळे करायला लागले, फोटो काढायला लागले. भाऊही उतरला आणि फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेला.

तिथे बाजूच्या रुळावर एक माणूस वाकून चालत होता. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, काखेत गुंडाळलेले लाल-हिरवे झेंडे, पिशवीत पाना. हा चावीवाला. रूळ ज्या चाव्यांनी जागेवर जखडलेला असतो, त्या गाडीच्या हादऱ्यानं ढिल्या होतात, सरकतात. चावीवाला रोज सकाळी आपल्या हद्दीतले काही किलोमीटर एका बाजूनं जातो, दुसऱ्या बाजूनं परत येतो, आणि ढिली दिसेल ती ठोकत जातो. दोन रुळांच्या सांध्यावरच्या पट्टीचे बोल्ट बघतो, कुठे चीर पडली का बघतो. काम साधं आहे. पण त्यात एक दिवसही सुट्टी चालत नाही, तो नसला तर त्याच्या जागी दुसरा चालतो.

भाऊनं विचारलं, “दादा, महिना नाई होत, हे सारं उखडनार म्हने?”

“हाव,” चावीवाला म्हणाला आणि एक चावी ठोकली. खणखणीत आवाज आला. त्यानं ती कान देऊन ऐकली आणि पुढच्या चावीकडे वळला.

“मंग कायले ठोकून राहिले?”

चावीवाल्यानं मान वर केली. निवृत्तीला आलेला माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यानं भाऊला खालीवर पाहिलं, मग त्याच्या मागे उभ्या गाडीकडे पाहिलं.

“तुमी याच गाडीनं आले ना?”

“हाव.”

“कोन कोन हाये संग?”

“माय हाये.”

चावीवाल्यानं पुन्हा वाकून दोन चाव्या ठोकल्या. उत्तर देऊन झालं आहे अशा थाटात. भाऊ तिथेच उभा राहिला तेव्हा तो आपणच पुढे म्हणाला, “तीस तारखेच्या गाडीतबी मानसं बसतीन. एकतीसले मंग हा हातोडा मी घरी नेऊन ठेवीन.”

“नोव्हेंबरले एकतीस नसते, दादा.”

“नसू दे,” चावीवाला म्हणाला, आणि दोघंही हसले.

फलाटामागे रुळांची कामं करणाऱ्या गँगची खोली होती. भिंतीचा चुना पार गेलेला, दाराची एक फळी निखळलेली. भाऊनं तिकडे बोट केलं. “आन् ते?”

“त्याले काय धाड भरली?” चावीवाला म्हणाला. “दोन वर्सं झाले, चुना नाई मारला. कोन मारते? पाडाचीच हाये ते.”

समोरची गाडी आली. शिट्टी झाली. लोक धावत डब्यात चढले.

रामाकोन्याला मायच्या माहेरी भाचे, सुना, त्यांची पोरं, सगळं घर जमलं. मायनं सगळ्यांची तोंडं हातानं चाचपून पाहिली, भावजयीशी जुनं भांडण नव्यानं काढलं आणि पुरतं मिटवलं, संत्र्यांची थैली भरून घेतली. परतीच्या गाडीत ती भाऊच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. भाऊ जागाच होता. गाडी सांध्यांवरून खटखट करत होती आणि तो प्रत्येक खटक्याला कान देत होता.

दुसऱ्या दिवशी पोहे उतरल्यावर त्यानं पोऱ्याला पैसे दिले आणि पत्र्याचे बोल्ट आणायला पिटाळलं. पोऱ्या जागचा हलेना. “भाऊ, पाडाचं हाये ना?”

“तू आन.”

पोऱ्या वर चढला, भाऊनं खालून शिडी धरली. गेलेले दोन बसवले, मग बाकीचे हलवून बघितले तर आणखी चार ढिले निघाले. तेही बदलले. संध्याकाळपर्यंत बाकाच्या फळ्या ठोकून झाल्या. तिसऱ्या दिवशी तो सावनेरहून दोन हात लांबीची लोखंडी दांडी घेऊन आला आणि मोरीच्या भिंतीत स्वतः गाडली. सिमेंट इतकं घातलं की मायनं विचारलं, “हत्ती बांधतं काय रे इथं?”

भिंतींना मात्र त्यानं रंग दिला नाही. पोऱ्याला वाटलं आता तेही निघेल, म्हणून तो ब्रश शोधून आला. भाऊनं त्याला हाकललं. गळका नळ गळतच राहिला, खाली बादली ठेवली आणि त्या पाण्यावर कपबश्या विसळून निघायला लागल्या. काय थांबू शकतं आणि काय थांबू शकत नाही, याचा भाऊचा हिशेब आता इतका चोख झाला होता की गिऱ्हाइकांना त्यात कंजूसपणा दिसायचा.

छोटी लाइन ठरल्याप्रमाणे बंद झाली. रूळ निघाले. मोठी लाइन तुकड्यातुकड्यानं होत गेली. सातपुड्याच्या घाटात भिमालगोंदी-भंडारकुंडच्या बाजूला बोगद्याचं, पुलांचं काम निघालं, वेळ लागत गेला, आणि नागपूरच्या इतवारीहून थेट छिंदवाड्याला मोठी गाडी सुरू व्हायला 2021 साल उजाडलं. भाऊच्या दोन महिन्यांचंही तसंच झालं. जागा सामाईक, थोरल्या भावाची सही हवी. तो आज देतो, उद्या देतो. मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं. मग बँकेनं आणखी एक कागद मागितला. मग करोना आला आणि भट्ट्याच थंड झाल्या. एवढ्या काळात पावसाळे आले, वादळं आली, वीज केंद्राची राख वाऱ्यावर आली. बोल्ट बसवलेल्या त्या पत्र्यांखाली लोक बसून तर्री-पोहे खात राहिले, आणि गल्ल्यामागचा नकाशा तेलकट धुरानं पिवळा पडला.

माय नव्या गाडीनं एकदा रामाकोन्याला जाऊन आली. आल्यावर तिची तक्रार सुरू झाली की झाडं नुसती पळतात, एक धड दिसत नाही. तक्रार ऐकवायला ती मोरीतून हातपाय धुऊन, दांडीला धरून, सावकाश बाहेर आली.

अखेर सही झाली. भाऊनं मागच्या बाजूला भाड्यानं दोन खोल्या घेतल्या, मायला तिकडे नेलं आणि पाडकाम सुरू झालं. मिस्त्री दुसऱ्याच दिवशी कुरकुरत आला. पत्रे काढायला वेळ लागला, एकेक बोल्ट गच्च. आणि ती मोरीतली दांडी तर निघता निघेना, भिंत पडली तरी ती विटांच्या गोळ्यासकट तशीच उभी. “कोन्या येड्यानं एवढी गाडली हे? पाडाचंच होतं तर?” त्यानं अर्ध्या दिवसाची जादा मजुरी बिलात धरली.

पै-पैवरून मिस्त्र्याशी भांडणाऱ्या भाऊनं ती न बोलता मोजून दिली.