गिळणे आणि सामावून घेणे

थोरला धाकट्याला आपल्यात घेतो, तेव्हा धाकट्याचं काय होतं? तो हरवतो, की तोही थोर होतो? प्रश्न घरचाच आहे. पण त्याचा मासला आकाशात मोठ्या मापाने दिसतो, तो आधी पाहू.

अब्जावधी ताऱ्यांचा मेळा म्हणजे दीर्घिका. आपली आकाशगंगा ही त्यांतलीच एक. कन्या राशीच्या दिशेला सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर हजाराहून अधिक दीर्घिकांचा समूह आहे. त्याच्या मध्याशी एम ८७ नावाची थोरली बसली आहे. जवळून जाणारी धाकटी दीर्घिका वाटेतले द्रव्य ओढते. ते तिच्या पाठीशी दाटते आणि तिलाच मागे खेचते. वेग मंदावतो आणि ती हळूहळू थोरलीत उतरते. गेल्या अब्जभर वर्षांत एम ८७ ने अशी एक दीर्घिका पोटात घेतली, याचा पुरावा २०१५ साली मिळाला. नवे आलेले ओळखू आले ते त्यांच्या चालीवरून.

यात तारे एकमेकांवर जवळजवळ आदळतच नाहीत. मधली अंतरे अफाट. तारा राहतो, घर मोडते. पुष्कळांना थोरलीच्या कडेला जागा मिळते. काही तर ना जुन्या घरचे, ना नव्या. मधल्या पोकळीत भटकत राहतात.

आता आपल्या वसईकडे पाहा. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली. "आम्हांला वगळा" म्हणून कित्येक गावे उठली. ग्रामपंचायत जाईल, घरपट्टी वाढेल, वाड्या आणि बावखले बुजतील, ही धास्ती. वाढत्या वस्तीचे पाणी आणि रस्ते एकट्या गावाच्या आवाक्यातले नव्हते, हेही तितकेच खरे.

मग दोष मिसळण्याचा का? नाही. दीर्घिकेला दोष लागत नाही, कारण तिला विचार नाही. माणसाला विचार आहे, म्हणून त्याला जाब आहे. पालखी सोहळ्यात दिंडी येते, तेव्हा तिचा क्रमांक, तिचा विणेकरी तिचाच राहतो. सोहळा मोठा होतो, दिंडी पुसली जात नाही. याला सामावणे म्हणावे. नव्याला कडेला टाकून त्याची चाल मोडणे, हे गिळणे.

म्हणून थोराची थोरवी त्याच्या पसाऱ्यावर मोजू नये. त्याच्या कडेला राहणाऱ्याला विचारावे, "बाबा, तुझं इथं काही उरलं का?" तो "हो" म्हणाला, तरच ती वाढ खरी.