साधनांआधी माणूस

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने सास्तूर, किल्लारीचा परिसर उद्ध्वस्त केला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली हजारो माणसे गेली. पुढे घरदुरुस्तीच्या कामात धाराशिव-लातूरच्या खेड्यांतल्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. त्यांच्याकडे ना यंत्रे होती, ना मोठ्या पदव्या. त्या भूकंपरोधक बांधकाम समजून घेऊ लागल्या, घरोघरी समजावू लागल्या, कामावर लक्ष ठेवू लागल्या. 2001 मध्ये कच्छ हादरले, तेव्हा याच भागातल्या महिला तिथल्या भगिनींना आधार द्यायला गेल्या. सिमेंट, लोखंड, निधी लागतोच. पण घर पक्के होते ते जाणत्या हातांनी आणि प्रामाणिक देखरेखीने. नेतृत्वही तसेच घडते. म्हणून साधनांची वाट पाहत थांबू नका. कौशल्य शिका आणि हाती असलेले काम सचोटीने करा.