शिर नसलेली देवी

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयाची ख्याती बहुतेकांच्या मनात हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जोडलेली आहे. थेट पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी तिचे नाते सांगता येते आणि प्राचीन तगराचा, म्हणजे जुन्या तेरचा, रोमशी असलेला व्यापार तिच्यामुळे डोळ्यांपुढे उभा राहतो. पण याच संग्रहात लज्जागौरीच्या लहान मूर्ती आहेत आणि त्यांच्यापुढे पाहणारा अवघडतो. गुडघे दुमडलेली, मांड्या दोन्ही बाजूंना फाकलेली, प्रसूतीच्या बैठकीतली नग्न स्त्री. मानेच्या वर काहीच नाही. शिर तुटून पडलेले नाही, मूर्तिकाराने ते घडवलेलेच नाही. बदामीच्या संग्रहालयातल्या मोठ्या मूर्तीला शिराच्या जागी कमळ आहे, आणि ते पाहूनही अस्वस्थता कमी होत नाही. कारण नग्नता नव्हे. नग्न आणि अर्धनग्न मूर्ती आपल्या देवळांच्या भिंतींवर शेकड्यांनी आहेत. ही देवी आपल्याकडे पाहत नाही, पाहूच शकत नाही, हे खरे कारण. ‘सुफलतेची देवता’ असे दोन शब्द वाचले की ही अस्वस्थता मिटते, प्रकरण इतिहासजमा होते. माझे म्हणणे असे, की ती मिटू देऊ नये. या मूर्तीला देवपण देणाऱ्या अनुभवातले जे काही अजून आपल्यापर्यंत पोचते, ते याच अस्वस्थतेतून.

चेहऱ्याचे काम काय, हे तेरच्याच जिल्ह्यात, तुळजापूरला कळते. तिथे भवानीला स्नान घालतात, वस्त्रे नेसवतात, नैवेद्य दाखवतात. शारदीय नवरात्राच्या आधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून तिची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. झोपणारी आणि जागी होणारी देवी आई होते. तिच्याशी बोलता येते, तिला नवस करता येतो, तिच्यावर रुसता येते. माहूरच्या रेणुकेचा तर तांदळा आहे, म्हणजे नुसते मुखच, धड नाही. तेरला उलट: धड आहे, मुख नाही. ही दोन टोके एकमेकांना अनोळखी नाहीत. आलमपूरच्या परंपरेत रेणुकेचे कापलेले मस्तक एल्लम्मा म्हणून पूजले जाते आणि धड भूदेवी म्हणून. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या 1978च्या ग्रंथात असे विखुरलेले धागे जुळवून या देवीचे भूमीशी असलेले नाते उलगडले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही उत्तानपदेपासून, म्हणजे पाय पसरलेल्या मातेपासून, भूमी जन्मल्याची कल्पना आहे. घटस्थापनेच्या दिवशी घरोघरी मातीत धान्य पेरून त्यावर घट बसवला जातो, तेव्हाही पूजा असते ती उगवू देणाऱ्या मातीची, आणि त्या मातीला डोळे नसतात. कोणी पेरले, कोणाच्या पदरी किती पडेल, हे ती पाहत नाही. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या या मुलखाला हे नव्याने सांगायला नको. देणारी शक्ती आहे, पण ती आपल्याला ओळखत नाही, असे सांगणारे दैवत घडवायला मोठे धैर्य लागते.

यावर कोणी म्हणेल, की मूल हवे म्हणून पूजलेल्या एवढ्याशा मूर्तीवर हे तत्त्वज्ञान लादणे बरे नव्हे. पूजणाऱ्या बाईच्या मनात हे विचार होते, असा माझा दावा नाही. पण आपले सर्वांत नाजूक मागणे तिने जिथे मांडले, तिथे ऐकणारा कान घडवलेला नव्हता, ही गोष्ट मूर्तीतच आहे. ही अस्वस्थता इंग्रजी शिक्षणाने दिलेल्या सोवळेपणातून आली, असाही आक्षेप घेता येतो. थोडी तिथून आली असेलही. पण लाजेने देवीचे शिर गळून पडले, असे सांगणारी कथा लोकांनीच रचली. शिर नसणे लोकांनाही खुपत होते. म्हणून तर कारण शोधावे लागले.

सर्वांत जड आक्षेप तेरच्याच भूमीतून येतो. हे संत गोरोबाकाका कुंभारांचे गाव. चिखल तुडवताना विठ्ठलनामात बुडालेल्या गोरोबांच्या पायाखाली मूल सापडले, पुढे त्यांनी स्वतःचे हात तोडून घेतले, आणि शेवटी हातही परत आले, मूलही. ही कथा सौम्य नाही, तरीही गावाने ती प्रेमाने जपली, कारण विठ्ठल भक्ताला ओळखतो. मग न ओळखणाऱ्या देवीशी भक्ती जुळायची कशी? मला वाटते, जुळत नाही, आणि ते मान्य करावे. ज्यांचे मूल परत आले नाही, अशा घरांना मात्र गोरोबांची कथा पुरी पडत नाही. तिथे कोणाच्याही पापाचा हिशेब न मांडणारे दैवत अधिक खरे वाटू शकते. कठोर आहे, पण ते दोष देत नाही.

आणखी एक आक्षेप मला पुरता परतवता येत नाही. स्त्रीचे शिर काढून फक्त योनी आणि स्तन ठेवणे म्हणजे तिला कूस एवढेच मानणे नव्हे का? नागार्जुनकोंड्याची अशीच मूर्ती एका इक्ष्वाकू राणीने करवली, म्हणजे ही केवळ पुरुषांची कल्पना नव्हती. पण त्या मूर्तीवरच्या कोरीव लेखात राणी स्वतःची ओळख देते ती नवरा जिवंत असलेली आणि मुले जिवंत असलेली म्हणून. विधवेला, वांझ म्हणून हिणवलेल्या बाईला त्या ओळखीत जागा नाही. मूर्तीला डोळे नाहीत म्हणून ती भेद करत नाही, असे मी वर सुचवले. तिच्यापुढे उभा राहिलेला समाज मात्र भेद करतच होता. म्हणून संग्रहालयातल्या पाटीवर काळ आणि माध्यम यांच्या जोडीला हेही यावे: हिची पूजा होत असे, पूजणाऱ्यांत राण्याही होत्या, आणि या पूजेत बाईची किंमत कशावर ठरत होती.