चौदाव्या दिवसानंतर



ताटीच्या अभंगांची कथा आपण लहानपणीच ऐकली आहे. लोकनिंदेने मन विटून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी मुक्ताबाई दाराशी आली आणि ताटी उघडण्यासाठी विनवीत राहिली. उपदेश तिनेही केला. पण तो दाराशी येऊन केला, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. गीतेचा पहिला अध्याय तर विषादाच्याच नावाने ओळखला जातो. अर्जुन धनुष्य टाकून बसला, तेव्हा भगवंत रथातून उतरून गेले नाहीत.

आज हे लिहिण्यास कारण आहे. आपल्या भजनास नित्य येणाऱ्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांची पत्नी गेल्या वर्षी निवर्तली. तेरा दिवस घर माणसांनी भरले होते. चौदाव्या दिवसापासून आमच्यापैकी कोणीही तिकडे फिरकले नाही. ते भजनास येईनासे झाले, तेव्हा कोणी म्हणाले, त्यांना आता आपली गरज उरली नाही! तीन महिन्यांनी आम्ही गेलो, तो त्यांची अन्नावरची वासना उडालेली, झोप नाहीशी झालेली. आम्ही म्हटले, "नामस्मरण करावे, सारे निवळेल." ते म्हणाले, "नाम घेववत नाही, हेच तर दुःख आहे." आम्ही निरुत्तर झालो.

नैराश्य हा आजार आहे. ते पापाचे फळ नव्हे, की भक्तीतील उणीव नव्हे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या माणसांनी ६ ते ८ बैठकांत त्यांच्याशी संवाद साधला; सुटलेली कामे व तुटलेल्या भेटीगाठी हळूहळू पुन्हा सुरू करविल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तीन महिन्यांनी यांतील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. ज्यांना ही जोड मिळाली नाही, त्यांच्यात हेच प्रमाण ३९ टक्के होते. यावरून औषध सोडावे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. रात्रीअपरात्री मन फारच खचले, जीव नकोसा वाटला, तर शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. घरातील मंडळींनीही तो लिहून ठेवावा.

ते गृहस्थ आता डॉक्टरांचे औषध घेतात. दर गुरुवारी आमच्यापैकी दोघे त्यांच्या ओसरीवर जाऊन बसतात. बोलणे बहुधा पावसाचे, धानाचे, वैनगंगेच्या पाण्याचे. कधी काहीच नाही. भजनास ते अद्याप येत नाहीत, आणि आम्हीही तो विषय काढीत नाही. पुढील गुरुवारी आमच्यापैकी एकास परगावी जावयाचे आहे. त्यांच्या जागी ज्यांना जाता येईल, त्यांनी सायंकाळच्या आरतीनंतर तसे कळवावे.