साईस आणि सियासत

घोड्याभोवतीचे बहुतेक शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले आहेत. लगाम, रिकीब, जीन, नाल, चाबूक, तबेला. घोड्याची देखभाल करणारा तो साईस. साईस हा मूळचा अरबी शब्द, आणि ज्या धातूपासून तो तयार झाला त्याच धातूपासून आणखी एक शब्द निघाला : सियासत. घोडा सांभाळणे आणि राज्य चालवणे या दोन कामांसाठी एकाच मुळाचे शब्द असावेत, यात विचार करण्यासारखे बरेच आहे. दोन्हीकडे प्रश्न तोच. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे तो आपल्यापेक्षा बलवान आहे, पण लगाम मात्र आपल्या हातात आहे. हा लगाम धरावा कसा? आणि समोरचा निमूट चालतो आहे, म्हणजे तो राजी आहे, असे समजावे का?

आम्ही तिघे या प्रश्नापाशी पोचलो ते ग्रंथ वाचून नव्हे. चाळिशी उलटल्यावर पुण्यात घोडेस्वारी शिकायला लागलो आणि त्यातून पोचलो. आमच्यात एक शिक्षिका, एक बँकेतले कारकून आणि एक औषधांच्या दुकानाचे मालक. तिघांना मिळून एकच घोडी मिळाली, तिचे नाव रेशम. शर्यतींतून लवकर बाजूला काढलेली, उंच, लालसर रंगाची, आवाजाला बुजणारी. आठवड्यातले वार आम्ही वाटून घेतले होते. शर्यत, उड्या, पोलो यांपैकी काहीच आमच्या वयाला झेपणारे नव्हते. म्हणून आमच्या वाट्याला आले ते ड्रेसेज.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसेजमध्ये सुवर्णपदक मिळवले, तेव्हा हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत थोडाफार दिसला. शब्द फ्रेंच आहे, अर्थ तालीम. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद आखाडा असतो, कडेने अक्षरे लावलेली असतात. ठरलेल्या अक्षरापाशी घोड्याने चाल बदलायची, वर्तुळ घ्यायचे, तिरके सरकायचे, थांबायचे. वरच्या पायरीवर जागच्या जागी दुडकी चाल करायची. प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण मिळतात. यात वेग नाही, उंची नाही. पाहणाऱ्याला स्वाराने काही केलेले दिसू नये आणि घोडा जणू आपल्याच मनाने नाचतो आहे असे वाटावे, ही या कलेची पराकाष्ठा मानली जाते.

हे ‘जणू’ आम्हाला टोचू लागले. आपल्याच मनाने नाचतो आहे असे वाटणे आणि खरोखरच आपल्या मनाने नाचणे, यांत किती अंतर असते?

या विद्येचे थोर लोक पहिल्यापासून सांगत आले आहेत की जबरदस्तीने सौंदर्य निर्माण होत नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवर पुस्तक लिहिले. मारून करून घेतलेल्या हालचालीत घोड्याची समजही नसते आणि शोभाही नसते, असा त्याचा आशय आहे. १७३३ मध्ये फ्रान्सच्या ला गेरिनिएर याचा ग्रंथ निघाला. घोड्याचे अंग मोकळे आणि लवचीक करणारे व्यायाम त्याने पद्धतशीर मांडले आणि आजही जगभर तेच शिकवले जातात. म्हणजे सौम्यपणाची शिकवण या परंपरेबाहेरून आलेली नाही. तरीही या दोघांच्या काळात घोडा हे युद्धाचे साधन होते आणि त्याला रणांगणावर जायचे आहे की नाही, हे कोणी विचारले नव्हते. सौम्य हात आणि मोकळी निवड या दोन गोष्टी एक नाहीत.

घोडा शिकतो कसा, हे कळल्यावर प्रश्न आणखी अवघड होतो. आपल्याला वाटते, टाच लावली की घोडा चालायला शिकतो. खरे तर टाच उचलली जाते त्या क्षणी तो शिकतो. दाब आला, त्याने काहीतरी केले, दाब गेला. ‘हे केले की दाब जातो’ एवढी गोष्ट त्याच्या ध्यानात राहते. दाब वेळेवर सुटला तर पुढच्या वेळी निम्मा पुरतो, मग त्याच्या निम्मा, शेवटी श्वास बदलला तरी घोड्याला कळते. दाब कधी सुटलाच नाही तर घोडा त्यातून एकच गोष्ट शिकतो, की काहीही केले तरी सुटका नाही. असा घोडा गप्प होतो, डोळे विझतात, सांगाल ते करतो. नवख्याला तो फार गुणी वाटतो. आपल्याकडे मौनाला संमती मानण्याची जुनी खोड आहे. तबेल्यात चार वर्षे काढलेल्या माणसाने तरी ती सोडली पाहिजे.

घोड्याला किती बारीक कळते, याचा एक दाखला शंभर वर्षांहून जुना आहे. बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याची मोठी ख्याती झाली होती. बेरीज विचारली की तो खुराने तेवढे ठोके देई. १९०७ मध्ये ओस्कार फुंग्स्ट या अभ्यासकाने शोधून काढले की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सलाही येत नाही. बरोबर आकडा आला की माणसाच्या मानेत, चेहऱ्यात, त्याच्याही नकळत किंचित हालचाल होई आणि घोडा ती वाचून थांबे. लोकांनी यातून निष्कर्ष काढला की घोडा हुशार नव्हताच. आम्हाला मात्र वाटते की माणसाला स्वतःविषयी जे ठाऊक नव्हते ते त्या जनावराने वाचले. मग प्रश्न हुशारीचा उरत नाही. तो आपले इतके वाचतो, आपण त्याचे किती वाचतो?

घोडा बोलत नाही हे म्हणणे पूर्ण खरे नाही. कान मागे पडतात, शेपटीला झटका बसतो, खोगीर आणलेले दिसताच पोट ताठ होते. रेशम काही महिने डाव्या वर्तुळावर वळायला तयार नसे. खांदा बाहेर टाकायची, दात वाजवायची. तबेल्यात एकाने सांगितले, ‘नखरे आहेत, एकदा नीट दाखवून द्या.’ आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. खांद्यामागच्या उंचवट्याला डाव्या बाजूने खोगीर रुतत होते. खोगीर बदलले, तीन आठवडे पाठ मोकळी ठेवली. त्यानंतर ती वळू लागली. नखरा, हट्ट, माज, हे शब्द आपण कोणासाठी वापरतो ते पाहावे. ज्याच्याकडून नकार येण्याची आपल्याला अपेक्षाच नसते, त्याच्या नकाराला ही नावे मिळतात. घोड्याला मिळतात, घरातल्या सुनेला मिळतात, हाताखालच्या माणसाला मिळतात.

बळाशिवाय ही विद्या होतच नाही, असे म्हणणाऱ्यांना लिस हार्टेलचे उदाहरण द्यावे. डेन्मार्कच्या या बाईंना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे झाले. ऑलिम्पिकमध्ये ड्रेसेज १९१२ पासून होते, पण १९५२ पर्यंत ते केवळ लष्करी अधिकाऱ्यांसाठी राखीव होते. दार उघडले त्याच वर्षी हेलसिंकीत हार्टेल ‘ज्युबिली’ या घोडीवर बसून उतरल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. त्यांना घोडीवर चढायला आणि उतरायला माणसे लागत. टाच मारायला पायात ताकद नव्हती. घोडीने ऐकले ते बळामुळे खचितच नाही.

पण या उजळ उदाहरणाशेजारी दुसरेही ठेवले पाहिजे. ब्रिटनच्या शार्लट ड्युजार्डिन यांच्या आणि ‘व्हॅलेग्रो’ या घोड्याच्या एकरूपतेचे २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपासून जगाने कौतुक केले. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर त्यांची एक चित्रफीत बाहेर आली. तालमीत दुसऱ्या एका घोड्याच्या पायांवर त्या पुन्हा पुन्हा चाबूक मारत होत्या. त्यांनी चूक कबूल करून माघार घेतली आणि त्यांच्यावर एक वर्षाची बंदी आली. त्याआधी २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाला वेगळाच नियम स्पष्ट करावा लागला होता. घोड्याची मान बळाने वाकवून हनुवटी छातीला लावायची, अशी तालीम अमान्य ठरवावी लागली. डौलदार वाकलेल्या मानेला लोक भुलत होते, म्हणून तर ती वाकवली जात होती.

यावरून आम्ही एवढेच समजलो की प्रेम असणे हा पुरावा पुरेसा नाही. घोड्यावर हात उचलणाऱ्याला विचारा, तोही म्हणेल, जिवापाड प्रेम आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचे प्रेम त्याच्या स्वतःच्या शब्दावरून मोजायचे नसते. आईबाप, गुरुजी, पुढारी, सगळ्यांनाच हे लागू आहे. प्रेमाखाली असलेल्याला ‘नाही’ म्हणता येते का आणि ते म्हटल्यावर त्याचे काय होते, यावरून ते मोजावे.

२०१६ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी २३ घोड्यांना तीन खुणांचे फलक ओळखायला शिकवले. एकाचा अर्थ पाठीवर झूल घाला, दुसऱ्याचा काढा, तिसऱ्याचा आहे तसे राहू द्या. दोन आठवड्यांत सगळे घोडे शिकले. थंडीपावसात ते झूल मागत, ऊब असली की काढायला सांगत. आम्हाला या प्रयोगातली मोठी गोष्ट घोड्यांची हुशारी वाटत नाही. हजारो वर्षे आपण त्यांना सांगत आलो आणि येथे कोणीतरी त्यांना विचारले. घोड्याची पूर्ण संमती कदाचित कधीच मिळणार नाही. त्याला स्पर्धा म्हणजे काय, पदक म्हणजे काय, हे समजावून सांगता येत नाही, आणि न समजलेल्या गोष्टीला होकार तरी कसा द्यायचा? पण नकार त्याला समजतो आणि तो देताही येतो. म्हणून स्वाराचे कर्तव्य एवढे तरी ठरते की हात इतका हलका ठेवावा की घोड्याचा नकार त्या हाताला जाणवेल. घट्ट आवळलेल्या लगामातून काहीच कळत नाही.

येथे एक अवघड हिशेब टाळता येणार नाही. आमच्यातल्या एकाच्या आजोबांचा मिरजेत टांगा होता. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरवल्या. घोड्यांचे हाल होत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पोटासाठी घोडा हाकणाऱ्यावर समाजाची नजर जितक्या लवकर जाते, तितक्या लवकर हौसेसाठी घोडा नाचवणाऱ्यावर जात नाही. आमची हौस अधिक सुसंस्कृत दिसते, एवढ्याने ती अधिक निर्दोष होत नाही. घोड्याच्या दृष्टीने पाहिले तर भाकरी आणि कला हा भेदच उरत नाही. त्याला पाणी वेळेवर हवे, दिवसातला बराच काळ चरायला, चघळायला हवे, सोबतीला दुसरा घोडा हवा, खोगीर न टोचणारे हवे आणि थकला म्हणजे थांबता आले पाहिजे. टांगेवाला हे देत असेल तर तो आमच्यापेक्षा चांगला साईस, आणि आम्ही देत नसू तर आमच्या ड्रेसेजची किंमत शून्य.

घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो आणि त्यातली मोजकी वर्षेच काम करतो. रेशम आता एकवीस वर्षांची आहे. मागच्या पायाचे सांधे आखडले आहेत, पाठीवर कोणी बसावे अशी तिची अवस्था नाही. तबेल्यात जागा मोजकी आणि स्वार घेऊ न शकणाऱ्या घोडीचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उभा राहिलाच. वयामुळे अक्षम झालेल्या जनावराला कामाला जुंपू नये, हे १९६० चा कायदा सांगतो. पण त्याच्या चाऱ्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला काढून ठेवायला कोणाची तरी नियत लागते. काही हितचिंतकांनी सुचवले की तिला कोणाला तरी देऊन टाका आणि तरुण घोडी घ्या, अजून तुम्ही शिकू शकता. सूचना व्यवहाराची होती. आम्ही तिघांनी तिचा खर्च वाटून घ्यायचे ठरवले. शहराबाहेर एका शेतात दोन म्हाताऱ्या घोड्यांबरोबर ती राहते. नवी घोडी घेण्याइतके पैसे त्यानंतर उरत नाहीत, म्हणून आमचे ड्रेसेज तूर्त थांबले आहे.

यात उपकार नाहीत. ताठ बसणे, श्वास सोडणे, मागणी करून थांबणे आणि उत्तर येताच दाब काढून घेणे, हे आम्ही तिच्या पाठीवर शिकलो. तिने शिकवायचे कबूल केले नव्हते आणि फी मागितली नव्हती. म्हणून ते देणे अधिकच आमच्या अंगावर आहे. आता तिच्याकडून आमचे कोणतेही काम नाही. हाक मारली की कधी ती कुंपणापाशी येते, कधी मान वर करून पाहते आणि पुन्हा चरायला लागते. दोन्ही उत्तरे आम्हाला मान्य आहेत.